सामाईक ड्राइव्हवरील ई-मेल फाइल : बिघाड आणि उपाय

औषधालयांचा पत्रव्यवहार आता बहुतांशी ई-मेलने होतो. उत्पादकांची दरपत्रके, मागणीपत्रे, बॅच क्रमांकांविषयीची विचारणा, परगावच्या रुग्णांची पत्रे असे सारे संगणकात साठत जाते. आउटलुकमध्ये टपाल पीओपी पद्धतीने उतरवून घेतले जात असेल, तर हे संपूर्ण दप्तर पीएसटी या एकाच फाइलमध्ये असते. पुष्कळदा सर्व्हरवर त्याची प्रत उरत नाही. फाइल गेली की दप्तर गेले. म्हणून या विषयाकडे वैद्यबंधू-भगिनींचे व औषधालयचालकांचे लक्ष वेधणे आवश्यक वाटते.

हेतू : काउंटर, गोदाम व कार्यालय येथून सर्वांस पाहता यावी, या सद्हेतूने ही फाइल सामाईक नेटवर्क ड्राइव्हवर ठेवली जाते. परंतु सर्वसाधारण कार्यालयीन वापरासाठी ही रचना मायक्रोसॉफ्टला मान्य नाही. आउटलुक या फाइलमध्ये सतत लहान-लहान नोंदी लिहीत असते. मध्येच वीज गेली, केबल सैल झाली किंवा ड्राइव्हचा संगणक बंद पडला, तर नोंद अर्धवट राहून फाइल दूषित होते. शिवाय एकाच वेळी दोघांनी उघडण्यासाठी ती मुळात घडविलेलीच नाही.

आकारमान हेही एक कारण होय. आउटलुक २००२ पर्यंतच्या जुन्या स्वरूपाच्या फाइलची मर्यादा २ जीबी होती. २००३ व २००७ मधील नव्या स्वरूपात ती २० जीबी, तर २०१० पासून ५० जीबी झाली. मात्र प्रणाली नवी घेतली तरी जुनी फाइल जुन्याच स्वरूपात राहते, हे ध्यानी असावे.

लक्षणे : आउटलुक उघडण्यास विलंब, काम करताना गोठणे, फाइल अन्यत्र वापरात असल्याची सूचना, शोध घेऊनही पत्र न सापडणे.

उपाय : प्रथम सर्व संगणकांवरील आउटलुक बंद करावे. फाइलची प्रत आपल्या संगणकाच्या डिस्कवर घ्यावी व मूळ फाइलला हात लावू नये. ऑफिससोबत येणारे स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचे साधन केवळ त्या प्रतीवर चालवावे. दोष शिल्लक दाखविल्यास ते पुन्हा चालवावे. मोठ्या फाइलला बराच वेळ लागतो. त्यानंतर दुरुस्त फाइल आउटलुकमध्ये उघडून महत्त्वाची पत्रे तपासावीत. खात्री पटल्यावर अकाउंट सेटिंग्जमधील डेटा फाइल्सच्या यादीत हीच फाइल मुख्य ठरवावी आणि नेटवर्कवरील फाइल यादीतून काढावी. यादीतून काढल्याने ती नष्ट होत नाही.

निदानपरिवर्जन : दुरुस्तीनंतर फाइल पुन्हा सामाईक ड्राइव्हवर नेल्यास तोच व्याधी उलटणार, हे वैद्यांस वेगळे सांगावयास नको. अनेकांना एकच टपाल पाहावयाचे असल्यास खाते आयमॅप पद्धतीने जोडावे, म्हणजे पत्रे सर्व्हरवर राहतील व प्रत्येकास आपापल्या संगणकावर दिसतील. सामाईक ड्राइव्हचा उपयोग प्रतीपुरता करावा : दर आठवड्यास आउटलुक बंद करून फाइलची प्रत दिनांकासह तेथे ठेवावी. नेटवर्कवर प्रत ठेवणे हितकर; नेटवर्कवरून फाइल चालविणे अहितकर. एवढा भेद पाळला, तरी दप्तर सुरक्षित राहण्यास मोठे साहाय्य होईल.