अक्कलदाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी ठणका का वाढतो?

अक्कलदाढ काढल्यानंतरचे पहिले दोन दिवस बहुतेकांना सारखेच जातात. गाल सुजतो, तोंड पुरेसे उघडत नाही, पण वेदना गोळीने आटोक्यात राहते. त्यानंतर त्रास ओसरावा, ही अपेक्षा असते. काही रुग्णांच्या बाबतीत मात्र उलटे घडते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी थेट कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो, तोंडाला दुर्गंधी येते आणि कालपर्यंत लागू पडणारी गोळी निरुपयोगी ठरते. जखमेत पू झाला, असे समजून घरात उरलेली प्रतिजैविके घेतली जातात. प्रत्यक्षात अनेकदा तेथे पू नसतो. जखमेवरचे झाकण निघून गेलेले असते.

दाढ निघाली की जबड्याच्या हाडात खळगा उरतो. तो रक्ताने भरतो आणि त्या रक्ताची गुठळी होते. ही गुठळी उघड्या हाडाचे व तेथील मज्जातंतूंचे संरक्षण करते. नवी ऊतीही तिच्याच आधाराने वाढते. ती निसटली किंवा अकाली विरघळली की हाड उघडे पडते. या अवस्थेला दंतवैद्यकात ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. सर्वसाधारण दात काढल्यावर हा त्रास शंभरातील सुमारे दोन ते पाच जणांना होतो; हाडात रुतलेली खालची अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढल्यास हे प्रमाण बरेच वाढते.

म्हणूनच पहिले २४ तास निर्णायक असतात. जखमेवर ठेवलेली गॉझची घडी अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरावी लागते. ती सतत काढून रक्त थांबले का, हे पाहण्याचा मोह टाळलेला बरा. लाळेत मिसळलेले थोडेसे रक्तही पुष्कळ वाटते, त्यामुळे रुग्ण वारंवार थुंकतो आणि त्या जोरानेच गुठळी हलते. लाळ गिळावी किंवा अलगद बाहेर सोडावी. स्ट्रॉने ओढून पिणेही याच कारणाने वर्ज्य आहे. शहाळ्याचे पाणी पेल्यात ओतून घ्यावे. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या उपयुक्त असल्या, तरी त्या दुसऱ्या दिवसापासून आणि खळखळ न करता करायच्या असतात.

भारतात या साऱ्याला तंबाखूचा संदर्भ आहे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरतात. धूम्रपानामुळे हिरडीचा रक्तपुरवठा घटतो आणि ड्राय सॉकेटचा धोका वाढतो, हे सर्वज्ञात आहे. गुटखा, खैनी यांचे कण जखमेत अडकतात, शिवाय थुंकणे आलेच. महाराष्ट्रात अनेक स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची मिसरी दातांना लावतात. तिला व्यसन न मानता दात घासण्याची सवय मानले जात असल्याने ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर येते. दंतवैद्याला मिसरीबद्दल स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

घरगुती उपचारांत हेतू चांगला असला, तरी वेळ चुकते. पहिल्या दिवशी गालाला बाहेरून बर्फाचा शेक कापडात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटे थांबून-थांबून द्यायचा असतो. गरम शेकाने रक्तस्राव वाढू शकतो. खळग्यात हळद भरणे किंवा लवंगेचे तेल थेट ओतणे टाळावे. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य ड्राय सॉकेटवरील काही औषधी पट्ट्यांत असते, हे खरे. परंतु शुद्ध तेलाने नाजूक ऊती भाजू शकतात.

वेदनाशामकांबाबत भरवशाचा पुरावा उपलब्ध आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात अक्कलदाढेनंतरच्या वेदनेवर आयब्युप्रोफेन हे पॅरासिटॅमॉलपेक्षा अधिक परिणामकारक आढळले. मात्र दमा, जठरव्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये. रक्त पातळ ठेवणारी औषधेही रुग्णाने स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

आहाराचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. बधिरता उतरेपर्यंत काही न खाणे उत्तम, अन्यथा ओठ चावला गेल्याचेही कळत नाही. नंतर गार झालेली मऊ खिचडी, पेज, दही चालते. तीळ, शेंगदाणे, फरसाण काही दिवस दूर ठेवावे.

ड्राय सॉकेट झालाच, तर दंतवैद्य खळगा धुऊन औषधी पट्टी बसवतात आणि बहुधा लवकर आराम पडतो. केवळ प्रतिजैविकांनी ही वेदना थांबत नाही. मात्र तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढत असेल, ताप आला असेल, किंवा घट्ट दाब देऊनही रक्त थांबत नसेल, तर त्याच दिवशी दंतवैद्याला दाखवावे. गिळताना वा श्वास घेताना अडथळा होत असल्यास, जबड्याखाली कडक सूज आल्यास दवाखाना उघडण्याची वाट न पाहता रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. ओठाची बधिरता दुसऱ्या दिवशीही कायम असल्यास तेही कळवावे. दाढेच्या मुळाजवळून जाणारा मज्जातंतू दुखावल्याची ती खूण असू शकते.

सर्व सुरळीत असल्यास टाके साधारण आठवड्याने काढले जातात किंवा आपोआप विरघळतात. हिरडी तीन-चार आठवड्यांत सांधते. आतील खळगा हाडाने भरून येण्यास मात्र काही महिने लागतात.