दाण्याचं कूट चवीपुरतं नसतं!

भाजलेल्या दाण्यांचं कूट आपण चवीसाठी किंवा रस दाट व्हावा म्हणून घालतो, पण अनेक पदार्थांचं खरं पोषण त्यातच असतं. साबुदाण्याची खिचडीच घ्या. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावापुरती. शेंगदाणा मात्र हरभरा-तुरीच्या कुळातला: १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं, ८ ग्रॅम तंतू, शिवाय मॅग्नेशियम आणि फोलेट. म्हणून खिचडीत कूट सढळ हातानं घालावं. भरली वांगी, कोशिंबीर, दाण्याची आमटी यांनाही हेच लागू.

दाण्यांनी वजन वाढतं, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. दाण्याचं जवळपास निम्मं वजन तेलाचं, पण त्यातली बहुतांश चरबी असंतृप्त असते. १५ ग्रॅम कुटातून साधारण ८५ ते ९० कॅलरी मिळतात. तेवढ्या हिशेबानं फोडणीचं तेल कमी करावं. भाजल्यानं सत्त्व जातं म्हणावं, तर थायमिन काहीसं घटतं, प्रथिनं आणि तंतू मात्र टिकतात. म्हणून दाणे मंद आचेवर भाजा, करपवू नका. बुरशीचे, काळपट, कडू दाणे आधीच फेका. त्यांतलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तो टाळायलाच हवा. बाकीच्यांनी कुटाचा डबा रोजच्या स्वयंपाकात हाताशी ठेवावा.