सुक्क्यासोबत कुठली बिअर?

चिकन सुक्क्यानं डोळ्यांत पाणी आणलंय आणि तुम्ही सोबत मागवलीत कडू आयपीए? झालं मग! हॉप्सचा कडूपणा आणि जास्तीचं अल्कोहोल, दोन्ही तिखटाची आग वाढवतात.

२००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि आपल्याला ताज्या बिअरचे प्रकार कळू लागले. जोडी जमवायचं गणित मात्र घरचंच आहे. ठेच्यासोबत ताक घेतो ना? तसंच तिखटासोबत सौम्य हेफवायझन, म्हणजे गव्हाची बिअर. तिला केळं-लवंगेचा वास येतो, पण त्यातलं काहीच घातलेलं नसतं. ती यीस्टची करामत! बेल्जियन विटबिअरमध्ये मात्र खरंच धणे आणि संत्र्याची साल असते, म्हणून ती तळलेल्या सुरमईशी मस्त जमते. तेलकट भज्यांना फसफसणारी लागर, चॉकलेट केकला काळी स्टाउट.

आता थोडं सीरियस. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षं पूर्ण हवीत, तेव्हा फर्स्ट इयरवाल्यांनो, थांबा! आणि १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. एका मोठ्या ग्लासातही हा आकडा ओलांडला जाऊ शकतो. म्हणून सगळ्यात बेस्ट जोडी कुठली? बिअर आणि परतीची रिक्षा.