हरवू द्या थोडी पुस्तकं!

शाळांमध्ये अवांतर वाचनाची पुस्तकं नाहीत, ही तक्रार आता अर्धीच खरी आहे. १९८७च्या खडू-फळा मोहिमेपासून सरकारी प्राथमिक शाळांकडे गोष्टींची पुस्तकं येत राहिली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं तर प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं हवीत, असं लिहूनच ठेवलं. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांची तरतूद ठेवली गेली. मग पुस्तकं दिसत का नाहीत? कारण ती मुख्याध्यापकांच्या खोलीत, लोखंडी कपाटात आहेत आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते आज प्रशिक्षणाला गेलेत.

यात शिक्षकांचा आळस कमी आणि डेडस्टॉकची धास्ती जास्त असते. आलेलं पुस्तक खुर्ची-टेबलासारखं डेडस्टॉकच्या नोंदवहीत चढतं. बदली झाली की चार्ज देताना एकेक नग मोजून द्यावा लागतो, कमी भरला तर खुलासा आला. अशा वेळी शहाणा माणूस कुलूपच लावणार. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा त्यांतला पहिला. इतकी उघड गोष्ट नियम म्हणून का सांगावी लागली, हे समजावताना त्यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत साखळीनं बांधून ठेवलेल्या पुस्तकांचा दाखला दिला. आपल्याकडे साखळीच्या जागी नोंदवही आहे, एवढंच.

वर्गग्रंथालयाची कल्पना या कुलपावरच घाव घालते. पुस्तकं वर्गातच, मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर, आणि कणा नव्हे तर मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवायची. दुसरीतलं मूल कण्यावरचं बारीक नाव वाचून पुस्तक निवडत नाही, ते चित्र बघून हात घालतं. म्हणून भिंतीलगत बांधलेली दोरी, तिच्यावर उघडून टांगलेली पुस्तकं, खाली सतरंजी, एवढं पुरे. फर्निचरवर पैसे घालवणाऱ्या शाळा पाहिल्या की मला हळहळ वाटते. त्या पैशांत किती पुस्तकं आली असती!

कोणती पुस्तकं घ्यायची, हा खरा प्रश्न. देणगीतून येणारी जाडजूड चरित्रं आणि सुविचारसंग्रह नम्रपणे नाकारावेत. प्रथम बुक्स आणि नॅशनल बुक ट्रस्टची कितीतरी चित्रपुस्तकं शंभर रुपयांच्या आत मिळतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची, विशेषतः माधुरी पुरंदरे यांची, ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं असायलाच हवीत, कारण त्यांतलं घर आणि बोलणं मुलांच्या ओळखीचं असतं. मोठ्या मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. १९७१ साली सुरू झालेल्या ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर खुले केले आहेत. २०१५ पासून सुरू असलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरच्या गोष्टी खुल्या परवान्याच्या असल्यानं छापून, टाचून वर्गात ठेवता येतात. तिथे गोष्टींना एक ते चार असे वाचनस्तर दिलेले असतात, आणि त्यावरून पुस्तकांना रंगीत टिकल्या लावता येतात. मात्र हे रंग पुस्तकाला द्यायचे, मुलाला नाही. चौथीतल्या मुलीनं पहिल्या स्तराचं पुस्तक उचललं तर उचलू द्यावं. घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या भाषेतल्या गोष्टी मिळत नसतील तर त्यांच्याकडूनच ऐकून, लिहून, चित्रं काढून घ्याव्यात. असं हाती बांधलेलं पुस्तक वर्गात फार फिरतं.

पुस्तकं मांडली की वाचन आपोआप सुरू होतं, हा मात्र भ्रम आहे. गोव्यात ‘बुकवर्म’ ही संस्था २००५ पासून मुलांच्या ग्रंथालयांचं काम करते. तिथे पुस्तकांच्या संग्रहाइतकाच भर पुस्तकाभोवतीच्या गप्पांवर आणि मोठ्यानं वाचून दाखवण्यावर असतो. बाईंनी परिपाठानंतर दहा मिनिटं एखादी गोष्ट रंगवून वाचली, ऐन मोक्याला थांबवली आणि पुस्तक दोरीवर परत लावलं, की मधल्या सुट्टीत त्यावर झडप पडते. त्यानंतर रोज ठरलेला वेळ हवा, ज्यात प्रत्येक जण आपल्या आवडीचं वाचेल. बाईसुद्धा. त्या वेळात वह्या तपासायच्या नाहीत.

आणि वाचून झालं की ‘सारांश लिहा, बोध लिहा’ हे नको. फ्रेंच लेखक आणि शिक्षक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले. न वाचण्याचा, पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा, तेच पुन्हा वाचण्याचा हक्क त्यांत आहे. पंधरा ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, सगळ्या शाळेला ओळीनं बसवून फोटो काढणाऱ्यांनी ही यादी जरूर बघावी.

देवघेवीची नोंद मुलांनीच ठेवावी. नाव, पुस्तक, तारीख, बस्स. पुस्तकं फाटतील, काही घरीच राहतील. फाटलेली चिकटवायला महिन्यातून एक तास द्यावा, वापरून जीर्ण झालेली रीतसर निर्लेखित करावीत आणि दर वर्षी काही पुस्तकं जाणारच, हे केंद्रप्रमुखांनी आधीच मान्य करावं. दर सहामाहीला शेजारच्या वर्गाशी तीसेक पुस्तकांची अदलाबदल केली तर नवी खरेदी न करताही दोरी नवी दिसते. यात पाच-सहा पुस्तकं द्यायला मुलं हटकून नकार देतात. ती त्यांच्याकडेच राहू द्यावीत, आणि पुढच्या अनुदानात त्यांच्याच आणखी प्रती मागवाव्यात.