जाब विचारणारा पत्रकार

ठाण्यास वृत्तपत्र नवें नाहीं. १८६६ सालीं येथूनच 'अरुणोदय' पत्र निघूं लागलें. एकानें मोठ्यानें वाचावें व इतरांनीं ऐकावें, हा आपल्या घरांतील जुना परिपाठ. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें आणि हळूहळू वाचणाराची जागा पडद्यानें घेतली. परंतु बातमी सांगणें निराळें आणि सत्ताधाऱ्यास जाब विचारणें निराळें. हें दुसरें काम मराठी पडद्यावर ज्यांनीं केलें, त्यांत श्री. निखिल वागळे यांचें नांव आम्हांस प्रथम आठवतें.

वागळे मूळचे छापील पत्रांतले. १९९० सालीं त्यांनीं मुंबईंत 'आपलं महानगर' हें सायंदैनिक काढलें. १९९४ सालीं विधिमंडळाच्या हक्कभंगाबद्दल त्यांस चार दिवस कारावास भोगावा लागला. २००८ सालीं 'आयबीएन लोकमत' ही वृत्तवाहिनी निघाली व तिचें संपादकपद त्यांच्याकडे आलें. तेथील 'आजचा सवाल' ह्या चर्चेंत पुढाऱ्यानें गुळमुळीत उत्तर दिलें, तर तोच प्रश्न पुन्हां येई. गर्दीच्या गाडीनें कल्याण-डोंबिवलीस परतलेल्या गृहस्थास, आपल्या मनांतलें कोणी तरी विचारीत आहे, असें तेव्हां वाटे.

ह्या विचारण्याची किंमतही पडली. २० नोव्हेंबर २००९ रोजीं शिवसैनिकांनीं वाहिनीच्या मुंबई व पुणें येथील कचेऱ्यांवर हल्ला केला. २०१४ सालीं वागळे यांनीं ती वाहिनी सोडली. फेब्रुवारी २०२४ मध्यें पुण्यास सभेला जात असतां त्यांच्या मोटारीवर हल्ला होऊन कांचा फुटल्या.

त्यांचीं मतें सर्वांस पटतील असें नाहीं. कित्येकदां त्यांचा आवाज फार चढे, हें आम्हांसही खटकलें आहे. पण मत न पटणें वेगळें आणि तोंड बंद करणें वेगळें.

आणि आपल्या घरीं तरी काय चालतें? सूनबाईनें अथवा शाळकरी मुलानें 'असें कां?' म्हणून विचारलें, तर 'तुला त्यांतलें काय कळतें?' असें म्हणून आपण त्यांस गप्प करतोंच ना? मोटारीची कांच फोडणारा हात आणि हें वाक्य यांत अंतर पुष्कळ आहे. तथापि दोहोंच्या मुळाशीं प्रश्नाचा तिटकाराच आहे. म्हणून आमची वाचकांस एवढीच सूचना कीं, बातम्या संपल्यावर पडदा घटकाभर बंद करावा आणि घरांतील सर्वांत धाकट्यास प्रथम बोलूं द्यावें. प्रश्न विचारणाराचा मान राखण्याचें शिक्षण तेथूनच सुरू होईल.