टेक लाइव्ह 'जुनं' का होतं?

परवा लाटेकमध्ये प्रबंध लिहिणाऱ्या मैत्रिणीचा फोन आला. "अरे, पॅकेज इन्स्टॉलच होत नाहीये. टेक लाइव्ह जुनं आहे म्हणतंय. सबमिशन आठवड्यावर आलंय!"

तर हे का होतं? टेकची पॅकेजेस सीटॅन नावाच्या सामायिक भांडारात असतात. १९९२मध्ये उभं राहिलेलं हे भांडार स्वयंसेवक सांभाळतात. नवीन पॅकेज आलं की लायसन्स, रीडमी, नाव आधीच कुणी घेतलंय का, हे सगळं माणसं बघतात. मग ते टेक लाइव्हमध्ये जातं, जगभरच्या मिरर सर्व्हरवर प्रती पोचतात आणि टीएलएमजीआर तिथून उचलतो.

टेक लाइव्हची आवृत्ती दरवर्षी नवी येते. ती आली की मिररवर नवं वर्ष लागतं, जुनं गोठवतात. जुना टीएलएमजीआर मग नव्या वर्षाचं काही घेत नाही.

पण जुनं वर्ष फेकून देत नाहीत, ते 'हिस्टॉरिक' संग्रहात राहतं. मी तिला टीएलएमजीआरची रिपॉझिटरी त्या वर्षाच्या शेवटच्या प्रतीकडे वळवायला लावली. पॅकेज त्यात होतं, आलं. बाकी प्रबंध जागचा हलला नाही.

नवी आवृत्ती? ती सबमिशन झाल्यावर!