गुडघ्यांचं वंगण आणि कन्याकुमारीचा रस्ता

पेण किंवा रोह्याहून एखादा गट सायकलवर लांबच्या पल्ल्याला निघाला, की निरोप द्यायला आलेल्यांत एक काका हमखास असतात. ते हार घालतात, हातावर पेढा ठेवतात आणि म्हणतात, "जा बाबांनो, पण गुडघे जपा. एकदा वंगण संपलं की परत येत नाही." आजूबाजूचे माना डोलावतात. गटातला पन्नाशीचा मेंबर मनातून चरकतो. हे काका दर गावात आहेत, दर लग्नात भेटतात, आणि त्यांचं ऐकून सायकल विकून टाकणारेही कमी नाहीत. म्हणून आधी वंगणाचाच हिशेब करू.

मुख्य गैरसमज: सायकलने गुडघे झिजतात, वंगण संपतं

गुडघ्यातला द्रव जन्माला येताना भरून दिलेला नसतो. सांध्याच्या आतलं अस्तर तो सतत तयार करतं आणि शोषूनही घेतं. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण याच द्रवातून होतं, आणि त्यासाठी सांधा हलावा लागतो. म्हणजे वापराने वंगण संपत नाही, उलट वापर थांबला की कूर्चेची उपासमार होते.

आता झिजेचं. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांतच भार मोजणारी उपकरणं बसवली आणि चालताना, जिना चढताना, सायकल मारताना नेमका किती भार येतो ते नोंदवलं. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार आला, पायऱ्या उतरताना जवळजवळ साडेतीन पट. स्थिर सायकलवर, बेताच्या जोराने पेडल मारताना? सव्वा पटीच्या आत. कारण साधं आहे: सायकलवर वजन सीटवर असतं आणि पाऊल जमिनीवर आपटत नाही. दर पावसाळ्यात अवचितगड उतरून आल्याचं कौतुकाने सांगणाऱ्या काकांना सायकलमुळे गुडघ्यांची काळजी वाटावी, याला काय म्हणावं?

तरीही शंका असेल, तर अमेरिकेतल्या दीर्घकालीन संधिवात पाहणीतल्या सुमारे २,६०० जणांच्या माहितीवर आधारलेला २०२४चा अभ्यास आहे. आयुष्यात कधीतरी नियमित सायकल चालवलेल्यांमध्ये गुडघेदुखी १७ टक्के कमी आणि त्रास देणारा, एक्स-रेत दिसणारा संधिवात २१ टक्के कमी आढळला. अर्थात, मुळात ज्यांचे गुडघे ठणठणीत तेच सायकल चालवतात, असंही असू शकतं. पण सायकलने गुडघे जात असते, तर आकडे उलट्या दिशेने गेले असते. गुडघ्याचा संधिवात असलेल्यांना डॉक्टर जे व्यायाम सांगतात, त्यांत सायकल असतेच.

मग परतलेल्यांपैकी काहींचे गुडघे खरंच का दुखतात? दुखतात, यात खोटं नाही. पण दोषी सायकल नसून ती चालवायची रीत असते.

पहिलं कारण, खाली ठेवलेली सीट. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, हा लहानपणचा हट्ट आपण मोठेपणीही सोडत नाही. सीट खाली असली की गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा; पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पावलाचा पुढचा भाग पेडलवर ठेवलात की गुडघ्याला हवा तेवढाच, २५ ते ३५ अंशांचा बाक उरतो. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर सीट फार वर आहे.

दुसरं कारण, जड गिअर. जड गिअरवर सावकाश, दात-ओठ खात पेडल दाबणं म्हणजे ताकद, अशी समजूत आहे. तेवढंच काम हलक्या गिअरवर, मिनिटाला ७०-८० फेऱ्यांनी केलं, तर प्रत्येक फेरीत गुडघ्यावर येणारा भार कमी होतो. बर्लिनच्या मोजणीतही हेच दिसलं.

तिसरं कारण गटाचं आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. वडखळ, नागोठणे सोडून सुकेळी खिंड लागते. तरणी पोरं चढावर सुसाट निघतात. मागचा पन्नाशीचा मेंबर मान जाऊ नये म्हणून त्यांची पाठ धरतो. कोलाडला चहा घेताना तो गप्प असतो आणि पोलादपूरच्या पुढे कशेडी घाटात त्याचा गुडघा बोलू लागतो. घरी परतल्यावर काका म्हणतात, "सांगितलं होतं ना!" इथे गुडघा गेला तो दुसऱ्याच्या वेगामुळे. म्हणून ज्या गटांना शेवटपर्यंत पोचायचं असतं, ते वेग सर्वांत सावकाश माणसाचा ठेवतात, चढाच्या माथ्यावर थांबतात आणि एक अनुभवी सायकलस्वार कायम शेवटी ठेवतात.

गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा जुनी दुखापत असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. काकांना नव्हे.

गैरसमज: देशभर सायकल हे खेळाडूंचं काम

याला वर्तमानपत्रांचे मथळे जबाबदार आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. ही माणसं थोरच आहेत. पण ती शर्यत आहे, प्रवास नव्हे.

प्रवासाचा दाखला हवा तर बाबा आमट्यांच्या 'भारत जोडो'चा घ्या. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून निघालेल्या ११६ तरुण-तरुणींनी पाच हजार किलोमीटरहून अधिक अंतर सायकलने कापत काश्मीर गाठलं. निवड ऑलिंपिकसाठी झाली नव्हती. सत्तरी ओलांडलेले बाबा पाठीच्या दुखण्यामुळे सोबतच्या गाडीतून गेले.

गणितही करून पाहा. पेणवरून जाणारा हा महामार्ग, पूर्वीचा १७ आणि आताचा ६६ क्रमांकाचा, पनवेलहून थेट कन्याकुमारीला जातो. अंतर सुमारे १,६०० किलोमीटर. रोज ८० किलोमीटर म्हणजे वीस दिवस. ताशी १६चा वेग धरला तर दिवसाला पाच तास सायकल. ब्रेव्हे म्हणतात त्या, ठराविक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीतही २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी जेमतेम १५. लागतात ते काही महिन्यांच्या सरावाचे, हळूहळू वाढवलेले पल्ले.

उरलेले, थोडक्यात

"लाखाची सायकल लागते." लागतो तो चढाला पुरेल असा हलका गिअर, चांगले ब्रेक आणि पंक्चर काढता येणारे हात.

"सीट जितकी मऊ आणि रुंद तितकी चांगली." भार बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवा, फार मऊ सीटमध्ये ती रुततात आणि नको तिथे दाब येतो.

"पुरुषांनी फार सायकल चालवू नये." सायकलस्वार, पोहणारे आणि धावणारे यांची तुलना करणाऱ्या २०१८च्या मोठ्या पाहणीत सायकलस्वारांचं लैंगिक आरोग्य इतरांपेक्षा वाईट आढळलं नाही. बधिरपणा मात्र येतो; आला की पेडलवर उभे राहा, सीट तपासा.

"जितकं पाणी प्याल तितकं बरं." कोकणातल्या घामात नुसतं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं मीठ घटतं. मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत किंवा ताक बरोबर हवंच.

"मागे राहणारा फुकट खातो." पुढचा वारा अडवतो हे खरं, पण ताशी १६-१८च्या वेगाला तो फायदा थोडा असतो. चाकाला चाक लागलं तर पडतो तो मागचाच, म्हणून अंतर ठेवा.

"गट असला की गाड्या सांभाळून जातात." जात नाहीत. महामार्गावर एकेरी रांग, डावी कड, हेल्मेट, मागे लाल दिवा, आणि अंधार पडण्याआधी मुक्काम.

तेव्हा काकांनी पेढा दिला तर घ्या, सल्ला मात्र तिथेच ठेवा. निघण्यापूर्वी सीट वर घ्या, गिअर हलका ठेवा, आणि पहिल्या खिंडीत तुम्हाला मागे टाकून जाणाऱ्याला खुशाल जाऊ द्या.